टायरवरचे आकडे वाचा, मग पैसे मोजा

गगनबावड्याकडचा पाऊस सुरू व्हायच्या आत टायर बदलायचे असतील, तर दुकानात जाण्याआधी जुन्या टायरची कड पुसून वाचा. समजा १८५/६५ आर १५ ८८एच लिहिलंय. १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ मात्र मिलिमीटर नव्हेत, इथंच गल्लत होते: कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल (आतल्या धाग्यांची ठेवण), रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. (एवढं पळवायला रस्ता कुठाय म्हणा!) तरी स्वस्तात मिळतोय म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी भाराचा टायर घेऊ नका, भरल्या गाडीत तो तापतो आणि फुटू शकतो.

खरी मेख टायर बनल्याच्या तारखेत. डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच कडेवर असतात. बाहेरून दिसले नाहीत तर चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. नव्या टायरची तारीख फिटिंगआधीच वाचा, रिमवर चढल्यावर दुकानदार परत घेत नाही.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला.