जोड लावणाऱ्याची जबाबदारी

आमच्या सोलापुरातल्या तालमीचे वस्ताद जत्रेच्या कुस्त्यांची जोड लावताना दोन्ही पैलवानांना समोरासमोर उभे करून त्यांच्या मानेवरून, मनगटांवरून हात फिरवीत, आणि जोड तोलाची वाटली नाही तर इनाम कितीही मोठे असले तरी ती कुस्ती मोडत. एका वर्षी चाळिशी ओलांडलेला, पंचक्रोशीत नाव असलेला एक पैलवान विशीतल्या पोराशी लढायचेच म्हणून हटून बसला. वस्तादांनी त्याला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि आखाड्याला एक फेरी मारायला लावून मानाने खाली बसवले. फेट्याचा शेमला मुठीत घट्ट धरून तो डोळे पुसत होता, हे मी लहानपणी अगदी जवळून पाहिले आहे.

नोव्हेंबर 2024 मध्ये 58 वर्षांच्या माईक टायसनला यूट्यूबवरून मुष्टियुद्धात आलेल्या 27 वर्षांच्या जेक पॉलसमोर थकलेल्या पायांनी उभे राहिलेले पाहताना मला तो शेमला आठवला. म्हाताऱ्या होत चाललेल्या मुष्टियोद्ध्याची स्वतःची इच्छा हा अशा लढतीला पुरेसा आधार नाही, असे माझे ठाम मत आहे, कारण लढण्याची इच्छा त्याच्या अंगातून सर्वांत शेवटी जाते. त्याआधी नजर आणि हात यांच्यातला मेळ मंदावतो, पाय जड होतात, आणि वयाबरोबर मेंदू किंचित आकसल्यामुळे त्याच्या भोवतीच्या शिरा ताणल्या जाऊन डोक्यावरच्या फटक्याने रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. कुस्तीत पाठ टेकली की डाव संपतो. इथे मात्र डोके हेच लक्ष्य असते.

मुहम्मद अलीचे उदाहरण मला सर्वांत जास्त छळते. 1980 मध्ये लॅरी होम्सशी लढण्यापूर्वी मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली. एका पायावर त्याला नीट उड्या मारता येत नव्हत्या आणि बोट नाकाच्या शेंड्याला अचूक लागत नव्हते, अशी नोंद त्या अहवालात होती, तरीही लढतींना परवाना देणाऱ्या अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने त्याला परवाना दिला. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली, तेव्हा अली 38 वर्षांचा होता. चार वर्षांनी त्याला पार्किन्सन असल्याचे निदान झाले.

जॉर्ज फोरमनने 1994 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, 26 वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत पाडले, हे उदाहरण हमखास पुढे केले जाते. त्या पराक्रमाला मी मनापासून मानतो, पण तोवर तिन्ही पंचांच्या गुणांत फोरमन मागे होता आणि नऊ फेऱ्या ठोसे झेलत होता, हे कोणी सांगत नाही. वयाने बरीच मोठी मेरी कोम आणि तरुण निखत झरीन यांची 2019 ची निवड चाचणी मात्र मला रास्त वाटते: तीनच फेऱ्या, पुढे ऑलिंपिक पात्रतेचा प्रश्न, आणि मेरी तेव्हा खरोखरच जिंकण्याच्या ताकदीची होती. ती जिंकलीही.

म्हणून परवाना देणाऱ्या डॉक्टरांचा लढतीच्या पैशांशी काडीचाही संबंध नसावा आणि त्यांचा नकार अंतिम असावा. अलीला हरवणारा होम्स 1988 मध्ये स्वतः 38 वर्षांचा असताना निवृत्तीतून परतला, आणि चौथ्या फेरीत त्याला खाली पाडणारा 21 वर्षांचा तरुण होता माईक टायसन.