तुम्ही विचारलंत म्हणून: निकालाआधी मुलांना ‘छिछोरे’ दाखवावा का?

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत माझी अभ्यासिका आहे. जेईई, नीट, सीईटी अशा इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची मुलं सकाळी सहापासून येऊन बसतात. एप्रिल उजाडला की फी भरायला आलेले पालक पावती हातात पडली तरी दारात रेंगाळतात. मग आवाज खाली आणून विचारतात, “मॅडम, तो सुशांतचा हॉस्टेलवाला पिच्चर आहे ना, तो दाखवू का याला? निकालाच्या आधी?” दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी बोलते, आज नीट बसून लिहिते.

दाखवा. पण आधी तुम्ही बघा, आणि तेही मुलं घरात नसताना.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. नितेश तिवारींचा, सुशांतसिंह राजपूत बापाच्या भूमिकेत असलेला हा चित्रपट सप्टेंबर 2019 मध्ये आला. राघव नावाचा मुलगा जेईईत निवडला जात नाही आणि जीव द्यायला निघतो. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून बाप स्वतःच्या कॉलेजची गोष्ट सांगायला लागतो. त्याचं हॉस्टेल स्पर्धांमध्ये कायम तळाला, म्हणून सगळं कॉलेज त्या पोरांना ‘लूझर’ म्हणायचं. एका वर्षी ती पेटून उठतात, आवडीच्या सवयी सोडतात, शेवटपर्यंत झुंजतात आणि तरी हरतात. 2019 सालच्या सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. अर्धा वेळ आपण खो खो हसत असतो, हे विशेष.

माझ्या मते त्यातली सगळ्यात मोलाची जागा हॉस्टेलमध्ये नाहीच. बापाला उमगतं, की मुलगा पास झाला तर काय करायचं हे आपण ठरवून ठेवलं होतं, शॅम्पेनची बाटलीसुद्धा आणून ठेवली होती. निवड झाली नाही तर काय, हे मात्र बोलायचंच राहिलं. मुलांना वक्तृत्वासारखे संवाद आवडतात, पण पालकांनी थांबून बघावी ती ही जागा.

निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार मुलाला घेऊन आले होते. मी त्यांना विचारलं, “ऐन मालावर अवकाळी आला तर काय करता?” क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “तडकलेला माल बेदाण्याला देतो. मिळेल तो भाव. मग एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, परत लागायचं कामाला. कर्जाचं सोसायटीत जाऊन बोलतो.” सगळं पाठ. म्हटलं, “आणि दादाचं नाही झालं तर?” ते मुलाकडे बघून हसले आणि म्हणाले, “त्याचं होणारच की, मॅडम.” मुलगा खाली मान घालून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता.

निकालानंतर जागा रिकाम्या होतात तेव्हा प्लायच्या पार्टिशनवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी ब्लेडने खरवडून काढते. हवी असलेली रँक, कॉलेजचं नाव, एखादीवर नुसतं ‘आई-पप्पांसाठी’. ‘नाही मिळालं तर’ असं लिहिलेली एकही चिठ्ठी आजवर हाती लागलेली नाही. लिहिणार तरी कशी? घरात ते वाक्य अपशकुनी मानतात.

आता या चित्रपटातलं मला खटकतं ते. बाप हरल्याची गोष्ट सांगतो खरी, पण ती हरणारी पोरं मुळात त्याच फाटकाच्या आत बसलेली आहेत, जिथे राघवला जायचं होतं. करंडक गेला, डिग्री कुठे गेली? पुढे सगळ्यांचं बरं चाललेलंच दिसतं. जेईई मेनला दहा लाखांवर मुलं बसतात. त्यातल्या वरच्या अडीच लाखांना ॲडव्हान्स, म्हणजे आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, देता येते, आणि देशभरच्या आयआयटी मिळून जागा जेमतेम 18 हजारांच्या आसपास. म्हणजे बाहेर राहणारी मुलं हाच बहुमताचा पक्ष आहे, आणि त्यांची गोष्ट या चित्रपटात नाही. ती तुम्हाला घरी सांगावी लागेल.

म्हणून पिच्चर संपल्यावर ‘बघितलंस ना, टेन्शन घ्यायचं नाही’ एवढ्यावर टीव्ही बंद करू नका. नावं घेऊन बोला. सीईटीवर कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत, नाशिकचं कुठलं कॉलेज चालेल? ड्रॉप घ्यायचा, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा द्यायची, तर ॲडव्हान्स सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, हे माहीत आहे ना? त्या वर्षाचा खर्च झेपेल का? इंजिनीअरिंग नकोच असेल तर मग काय? आणि तुमच्या घरात नापास झालेलं कोण आहे, तेही सांगा. मामा बारावीला नापास झाला होता हे भाच्याला लग्नात कुणीतरी चेष्टेत सांगतं, आईवडील कधीच सांगत नाहीत.

एका आईने चाचरत विचारलं होतं, “पण सुशांत स्वतःच गेला ना, मग कसं दाखवायचं?” तो 14 जून 2020 ला गेला. मुलांना ते ठाऊक असतं, आपल्यापेक्षा जास्तच. ती विषय काढतील. काढू द्या, घाईने दुसरीकडे वळवू नका. मुलगा किंवा मुलगी ‘मी नसलेलंच बरं’ अशा अर्थाचं काही बोलत असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर मात्र पिच्चरच्या भरवशावर राहू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि सरळ डॉक्टरकडे न्या.

हॉस्टेलचे विनोद जरा चावट आहेत, आजोबा शेजारी असतील तर अवघडायला होईल. पोरं त्याहून पुढचं रोज मोबाइलवर बघतात, तेव्हा तेवढं सोसा.

राहिला प्रश्न कधी दाखवायचा. परीक्षेच्या तोंडावर नको, निकालाच्या दिवशी तर मुळीच नको. त्या दिवशी दाखवलात तर मुलाला एवढंच कळतं, की यांनी मला नापासात धरलं. पेपर संपले की पहिल्या रविवारी लावा. निकालाच्या दिवशी वेगळी कामं आहेत: नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या, टक्के तुम्ही सांगा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारच्यांच्या पेढ्यांचे फोटो आले तर मोठ्याने वाचून दाखवू नका. आणि पेढे आणायचेच असतील तर निकाल लागायच्या आधी आणा.