आंगवण कुणाची

पपा, माझे सासरे, बेचाळीस वर्षं चालले. ह्यांना सहाव्या वर्षी टायफॉइड झाला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा पपांनी गोंयच्या सायबाला, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरला, आंगवण केली, नवस बोलले: पोर उठून बसला, तर पाय चालतील तोवर ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला चालत येईन. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच वर्षापासून मीही त्यांच्या मागून चालायला लागले. नंतर थोरला खांद्यावर, मग धाकटी. पपा यंदा चाळीस दिवसांच्या उपासात गेले, झावळ्यांच्या रविवाराच्या चार दिवस आधी. ईस्टरला घरात कुणाला जेवण गेलं नाही. जूनमध्ये धाकटी नर्सिंगला बेळगावला गेली. ऑगस्टमध्ये थोरला अबुधाबीला, हॉटेलच्या नोकरीवर. सहा पानं वाढायची सवय असलेल्या घरात आता मी, हे आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे मांय म्हणतो.

नोव्हेना, फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली त्या रात्री हे म्हणाले, "आंगवण पपांची होती. ती त्यांच्याबरोबर फिटली. यंदा आपण बसने जाऊ."

मी काहीच बोलले नाही. सकाळी पपांची काठी माळ्यावरून काढून पुसून दाराशी ठेवली. ह्यांनी ती बघितली आणि मुकाट्यानं बाजारात जाऊन स्वतःसाठी नवे बूट आणले. मला मात्र जुनेच चालतील असं वाटलं. तीच माझी चूक.

शनिवारी, ३० नोव्हेंबरला दुपारी सावंतवाडीहून निघालो. फादरांनी आशीर्वाद दिला, खुरीस, आमचा क्रूस, पुढे झाला. मांय इगर्जीपर्यंत, चर्चपर्यंत, रिक्षानं आली होती. तिनं ह्यांच्या कपाळावर बोटानं खुरीस काढला आणि फेस्तातल्या गोड खाऊबद्दल पपांना दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, "खाजें आणायला विसरू नको." बस, एवढंच. इन्सुली, बांदा, रात्रीचा मुक्काम, पेज आणि लोणचं. डासांनी झोपू दिलं नाही. पहाटे उठलो तेव्हा अंग आंबलेलं होतं.

रविवारी पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी क्षणभर थांबून गोव्यात शिरलो. तिथून पुढचा रस्ता मला ओळखता येईना. लहानपणी थोरला ज्या आंब्याखाली दप्तरातून पोळी काढून खायचा तो आंबा नाही, पपा ज्या वडाच्या पारावर पाय सोडून बसायचे तो पार नाही. चौपदरी रस्ता झाला आहे, रुंद, गुळगुळीत आणि उघडा. गाड्या सुसाट जातात. पूर्वी ड्रायव्हर वेग कमी करून हात जोडायचे, आता त्यांना आमच्याकडे बघायला सवड नाही. आमच्या जथ्यातल्या एका पोरानं पाठीवर स्पीकर बांधला होता. तेर्स, जपमाळेची प्रार्थना, चालू असतानाही त्यावर गाणी. मी दोनदा सांगितलं, त्यानं दोनदा आवाज कमी केला आणि दोनदा परत वाढवला. नमो मरिये म्हणताना माझ्या मनात त्या पोराबद्दल जे चाललं होतं, ते मी नंतर कुमसारात, फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगितलं.

धारगळ यायच्या आधीच उजव्या टाचेखाली ओलं लागायला लागलं. पहिल्यांदा वाटलं घाम. मग प्रत्येक पावलाला सुई टोचल्यासारखं. हे पन्नास पावलं पुढे, मागे वळून न बघता चाललेले. हाक मारली असती तर थांबले असते. पण मीच चालायचा हट्ट धरला होता, आता कुठल्या तोंडानं हाक मारू? तेर्सातल्या गौरवाच्या रहस्यांतलं तिसरं चाललं होतं, की दुसरं, मला आठवत नाही. एक विमान मोपाच्या विमानतळाच्या दिशेनं खाली उतरत डोक्यावरून गेलं. ऑगस्टमध्ये थोरल्याला सोडायला आम्ही याच रस्त्यानं रात्री दोनला गेलो होतो. परत येताना गाडीत कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी मान वर करून ते विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले आणि तेवढ्यात पाय मुरगळला. एका फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिले.

आत अंगणात म्हातारी सुकलेल्या सुपाऱ्या पसरत होती. तुळशीवृंदावनाला तुळशीच्या लग्नाचा ऊस अजून बांधलेला, वाळून पिवळा पडलेला. तिनं आधी माझ्याकडे, मग पायाकडे बघितलं.

"बाय, हांगा बस गे."

मी म्हटलं, "आजी, नको, माणसं पुढे गेली माझी."

"फुडें वतलीं ना, रावतलीं," ती म्हणाली आणि मला सोप्यावर बसवून आत गेली.

बूट काढला तेव्हा मोजा कातडीला चिकटला होता. टाचेवर आवळ्याएवढा फोड, त्याच्या शेजारी एक लहान. ती कोमट पाण्याची बादली घेऊन आली. पाण्यात मीठ. तिनं माझा पाय स्वतःच्या हातानं आत धरला. मी ओढून घ्यायला लागले तर तिनं घोट्याला घट्ट पकडलं. हात सुपाऱ्यांनी काळपट झालेले, बोटं खरखरीत आणि गरम. मग जुन्या साडीच्या तुकड्यानं टिपून घेतलं, दाबून नाही, टिपून. सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली. पांढरा दोरा ओवला, दोऱ्याला हळद चोळली. मी डोळे मिटले. दुखलं नाही. तिनं फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसऱ्या कडेनं काढली, आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळायला लागलं.

"कातडें काडूं नाका," ती म्हणाली. मग माझ्यासाठी मराठीत, सावकाश: "फोड फोडायचा नाही. दोरा राहू दे. पाणी आपोआप जातं, कातडी खाली बसते. आम्ही पंढरीला जाताना असंच करतो."

तेव्हा मला तिच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. किती वर्षं गेलात, विचारलं. तिनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. धनी होते तेव्हा दोघं जायची, म्हणाली. ते गेले त्या वर्षी गावातल्या लोकांना वाटलं ही आता येणार नाही. "हांव गेलें." एवढंच सांगितलं तिनं. का गेले, कशी गेले, काही नाही. मला वाटत होतं विचारावं, पण घशात काहीतरी अडकलं होतं.

फाटकात हे उभे होते. दीडेक किलोमीटर मागे चालत आले होते, घामानं निथळत. चेहऱ्यावर राग होता आणि माझा पाय बघून तो कुठे गेला कळलं नाही. ते खाली उकिडवे बसले, दोऱ्याकडे बघत राहिले. मग आजींनी दिलेली कोकमाची सरबतं आम्ही दोघं प्यायलो. हे निघताना पैसे काढायला लागले तर तिनं त्यांच्या हातावर चापट मारली, लहान मुलाला मारतात तशी.

नवे बूट ह्यांनी मला दिले. दोन मोजे चढवून ते माझ्या पायात बसले. हे स्वतः माझे जुने बूट पिशवीत टाकून स्लिपरवर चालले. कोलवाळपर्यंत एकही शब्द नाही, पण आता बरोबरीनं.

सोमवार कसा गेला सांगता येणार नाही. म्हापसा, पर्वरीतलं खोदकाम आणि नाकातोंडात जाणारी धूळ, मांडवीचा पूल, रायबंदरचा तो लांबच लांब बांध, एका बाजूला मिठागरं आणि संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा. स्पीकरवाला पोरगा पणजीत माझ्या शेजारून चालायला लागला. त्याची आई गेल्या पावसात गेली, हे त्यानं न विचारता सांगितलं. गाणी तिच्या आवडीची होती. मी त्याला परत आवाज कमी करायला सांगितलं नाही.

जुन्या गोव्यात माणसांचा समुद्र होता. दहा वर्षांनी होणारं शवप्रदर्शन २१ नोव्हेंबरला सुरू झालेलं, सायबाचं शरीर बॉम जेझू चर्चमधून से कॅथेड्रलमध्ये आणलेलं. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, जवळ एक-दोन माणसं असताना मेलेल्या माणसाजवळ इतकी गर्दी. रांगेत चार तास. पुढच्या बाईनं दोनदा आपल्या नातेवाइकांना मध्ये घुसवलं, मी काही बोलले नाही, हे बोलले. काचेपुढे उभं राहायला दोन श्वासांएवढा वेळ मिळाला. पपांचं नाव घ्यायचं ठरवून आले होते. तोंडातून थोरल्याचं आणि धाकटीचं नाव आलं, आणि डोळ्यांपुढे त्या आजींचं घर. आजींचं नाव मी विचारलंच नव्हतं.

बाहेर मंडपात पथारी पसरली. हे पाठ टेकून आभाळाकडे बघत होते.

"आंगवण पपांची होती," ते म्हणाले. मी थांबले. "पण उठून बसलेला पोर मी होतो ना."

पहाटेच्या मिस्सानंतर फेस्ताच्या बाजारात ह्यांनी खाजें घेतलं. आलं घातलेल्या गुळानं माखलेलं, गरम. चार पुड्या, पपा घ्यायचे तितक्याच. दुकानदारानं पिशवीत घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं की घरी आता चार जण नाहीत. परत दिली नाही. मी म्हटलं, एक आजींना.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले. धारगळला आमची बस रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होती. मध्ये दुभाजक, समोरून कंटेनरची रांग. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, इथं स्टॉप नाही. फाटक दिसलं, की दिसल्यासारखं वाटलं, वाळलेला ऊस दिसला नाही.

टाचेतला दोरा चौथ्या दिवशी आंघोळ करताना आपोआप गळला. मांय स्वयंपाकघरात नेवऱ्यांसाठी खोबरं किसत होती. चौथी पुडी तिनं बरणीत घातली आहे, बरणीचं झाकण कापडानं बांधलं आहे. खाजें तितके दिवस टिकणार नाही, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे. पपांची काठी दाराशीच आहे.