पायपेटीचा दम अखेर कोरसला पुरला

हा अमेरिकन बाजा, म्हणजे पायाने भाता मारून वाजवायची पेटी, शनिवारी रात्री साडेअकराला वाजला एकदाचा! तिन्ही कडव्यांचे तिन्ही कोरस, एकदाही सूर न पडता. मागे लिहिलं होतं ना, 'लो इन द ग्रेव्ह ही ले' या ईस्टरच्या गीताचं कडवं छान जातं आणि 'अप फ्रॉम द ग्रेव्ह'चा कोरस आला की बाजाला धाप लागते, तेच दुखणं.

कडवं संथ, खालच्या सुरांत, एकच स्टॉप (रीडचा, म्हणजे हवेने वाजणाऱ्या पितळी पट्ट्यांचा, एक संच चालू करणारी खुंटी), म्हणजे चार सुरांना चार रीड. कोरसला दुसरा स्टॉप आणि ऑक्टेव्ह कपलर (दाबलेल्या सुराबरोबर सप्तकापलीकडचाही सूर वाजवणारी खुंटी) ओढला की त्याच चार बोटांना सोळा रीड लागतात, चाल धावत वर चढते आणि नेमकी तिथेच हवेची ओढ संपायची. दोन्ही पायभात्यांचं कापड नवीन घातलं, मोठ्या भात्याचंही घातलं (पहिल्या दुकानदाराने इतकं जाड रबरी कापड पाठवलं की घडीच पडेना, परत मागवण्यात तीन आठवडे गेले), सगळं गरम सरसाने चिकटवलं, कारण पांढरा गोंद लावला की पुढच्या माणसाला ते सोडवताना लाकूडच सोलावं लागतं. तरी सगळे स्टॉप बंद ठेवूनही भाता सहा सेकंदांत परत फुगायचा, म्हणजे कुठूनतरी हवा आत शिरत होती. रडकुंडीला आले होते.

आई नगरहून आलीय. ती म्हणाली, "अगं, हवा आत ओढतो ना हा? मग उदबत्ती फिरव की." आपल्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, या अमेरिकन बाजात उलटं, हे मला माहीत असून सुचलं नाही! मी पाय मारत बसले, आई मागे उदबत्ती घेऊन. सगळीकडे धूर सरळ वर, आणि भात्याच्या फळीवरच्या झडपेपाशी आला की दोऱ्यासारखा वळून आत. झडपेचं चामडं दिसायला शाबूत, पण नखाने दाबलं तर पत्र्यासारखं कडक. नवीन मऊ चामडं लावलं. आता एकोणचाळीस सेकंद!!

रॉबर्ट लॉरीने हे गीत 1874 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्गला लिहिलं, शब्द आणि चाल दोन्ही त्याचीच, आणि सांगतात की घरातल्या अशाच पायाच्या बाजावर. 'शॅल वी गॅदर अॅट द रिव्हर' त्याचं, 'नथिंग बट द ब्लड' त्याचं, शेकडो चाली, तरी स्वतःला तो आधी उपदेशकच मानायचा. मला तर कोरसच्या त्या उडीतच त्याचा उपदेश ऐकू येतो. पुढे तो न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला पाळक झाला, आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, ईस्टरनंतर जाऊन येणार आहे.

व्हॅक्युमची मोटर बसवायचा बेत रद्द, पायानेच वाजवणार. आणि हे लिहितानाच सुचलं, बाजाचे स्टॉप डावे-उजवे वेगळे आहेत, मग कोरसमधलं पुरुषांचं खालच्या सुरातलं उत्तर 'ही अरोज' ('तो उठला') डाव्या हाताला भरदार स्टॉपवर आणि उजवीकडे कपलरशिवाय ठेवलं तर? हवाही वाचेल आणि उत्तर खरंच खालून आल्यासारखं वाटेल. पण त्यासाठी खालचा मुका बी फ्लॅट बोलता व्हायला हवा. आत्ताच हुकने रीड ओढून काढला, पितळी जिभेखाली लोकरीचा एवढासा करडा धागा अडकलाय. ब्रश शोधते.