'द टीम आर' आणि माझी लाल रेघ

दुसऱ्यांच्या इंग्रजीवर लाल रेघा मारणं हा माझा व्यवसाय. मागे एका ब्रिटिश लेखकाचा अहवाल तपासायला आला, त्यात जिथे-तिथे 'द टीम आर'. मनात म्हटलं, एवढंही येत नाही? अकरा ठिकाणी 'आर'चं 'इज' केलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. अकराच्या अकरा 'आर' जागच्या जागी, आणि खाली एकच ओळ: आमच्याकडे हे चालतं.

खरंच चालतं. टीम, कमिटी, फॅमिली, जूरी ही समूहवाचक नामं अमेरिकन लोक बहुतेक वेळा एकवचनी धरतात, ब्रिटिश दोन्ही चालवून घेतात. डोळ्यांसमोर काय दिसतं, त्यावर ते ठरतं. जूरीने निकाल दिला, तर ती एक संस्था: 'द जूरी हॅज'. जूरीत फूट पडली, तर ती बारा माणसं: 'द जूरी आर डिव्हायडेड'. अमेरिकन कान इथे कचरतो, म्हणून तिकडच्या मजकुरात मी गुपचूप 'मेंबर्स' घुसवते. मेंबर्स म्हटलं की 'आर'ला कोणी हरकत घेत नाही. गंमत म्हणजे त्यांच्याच राज्यघटनेच्या 1865 सालच्या तेराव्या दुरुस्तीत युनायटेड स्टेट्ससाठी 'देअर' आहे, अनेकवचनी. आज तिथे कोणी 'द युनायटेड स्टेट्स आर' म्हणून पाहावं!

माझी लाल रेघ आता क्रियापदावर कमी आणि सर्वनामावर जास्त पडते. 'द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट.' क्रियापदाला कमिटी एक वाटते आणि दोन शब्दांनंतर ती अनेक होते. बोलताना खपून जातं. छापायच्या मजकुरात 'हॅज'सोबत 'इट्स' किंवा 'हॅव'सोबत 'देअर', काहीतरी एक धरा.

'पोलीस'ला मात्र पर्याय नाही, दोन्हीकडे 'आर'च. आपण मराठी माणसं इथे हमखास घसरतो, कारण आपल्याकडे एकटा पोलीसही दारात येऊ शकतो. इंग्रजीत 'अ पोलीस' येत नाही, 'अ पोलीस ऑफिसर' येतो. 'कॅटल'चंही तेच, कायम 'आर'. 'फर्निचर' या घोळक्यातलं नाहीच, ते मोजताच येत नाही. त्याला 'स' लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. (खोटं. अजून घालते.)

एक शेजारचीच जोडी: 'अ नंबर ऑफ पीपल आर', पण 'द नंबर ऑफ पीपल इज'. पहिल्यात माणसं मोजायची, दुसऱ्यात आकडा बघायचा. बास.

आणि मराठीत सगळं सरळ आहे असं समजू नका. 'मंडळी जमली आहे' की 'जमली आहेत'? मी स्वतः एकाच दिवसात दोन्ही बोलते आणि कोणी माझ्यावर लाल रेघ मारत नाही.

परवा त्याच लेखकाचा नवा अहवाल आला. चौथ्या पानावर, एकदाच, 'द टीम इज' पडलेलं. मी मुकाट्याने 'आर' केलं.