पाच मिनिटे तीस सेकंद

सोलापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना भरतीची पोरं रोज भेटतात. कुणाची नडगी दुखते, कुणाची टाच. 2024 च्या भरतीआधी मोहोळ तालुक्यातून आलेला एक मुलगा मात्र अजून मनातून जात नाही.

अग्निवीरची लेखी परीक्षा तो पास झाला होता. मैदानी चाचणीला महिना उरला होता. 1.6 किलोमीटर 5 मिनिटे 30 सेकंदांत धावलं की पूर्ण 60 गुण मिळायचे आणि त्याचा वेळ त्याहून कमी येत होता. नऊ फुटी खड्ड्याच्या उडीचा सराव करताना पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यात खट्ट आवाज झाला. तासाभरात गुडघा टम्म सुजला. गावात पंधरा दिवस मालिश झाली, मग हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारी मुख्य दोरी, पूर्ण तुटली होती.

मी मांडी एका हाताने धरून नडगी पुढे ओढून पाहिली. जिथं ती अडायला हवी, तिथं सरकतच गेली.

वडील म्हणाले, "मॅडम, सुई मारून तेवढा एक दिवस काढता येत नाही का?"

सुईने दुखणं थांबेल, दोरी जोडली जाणार नाही. सरळ धावताना कदाचित निभेल, पण वळणावर गुडघा दगा देईल आणि सोबत आतली गादीही फाटेल. हे त्यांना दोनदा सांगितलं. ऑपरेशन केलं तर मैदानावर परतायला निदान नऊ महिने. वयाची मर्यादा होती 21. मुलाने बोटांवर महिने मोजले आणि मोजता मोजता थांबला. पुढच्या भरतीत तो वयात बसत नव्हता. पोलीस भरतीला खुल्या गटातही 28 पर्यंत वेळ असतो, पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तिथले डॉक्टर काय म्हणतील याची हमी मी दिली नाही. खोटी आशा दाखवण्याचं धाडस माझ्यात नाही.

"कॉलेजचं काय?" मी विचारलं.

बीएस्सीचं दुसरं वर्ष. परीक्षेचा फॉर्म भरला नव्हता. त्या पैशांत धावायचे बूट घेतले होते. "लागणारच होतो ना मॅडम," एवढंच म्हणाला.

त्या पोरावर नाही, आम्हा मोठ्या माणसांवर राग आला. अग्निवीर म्हणून लागला असता तरी नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणजे बहुतेकांना पंचविशीच्या आसपास घरी यायचंच आहे. तरी कॉलेज म्हणजे भरती होईपर्यंत नाव टाकून ठेवायची जागा, हे त्यांच्या डोक्यात कोण घालतं?

त्याला कॉलेजात फोन लावायला लावला. विलंब शुल्कासह फॉर्म घेण्याचा तो शेवटचा दिवस होता, खिडकी दुपारी चारला बंद होणार होती. घड्याळात सव्वादोन वाजले होते.

तेवढ्या वेळात त्याला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायला शिकवलं. पाच सेकंद आवळ, सोड. ऑपरेशनआधी मांडीत जितकी ताकद राहील तितकं नंतर सोपं जातं. तो एनसीसीचा कॅडेट, मोठ्याने आकडे मोजत होता. सातव्या वेळी आवाज फुटला. मी पाठ करून पट्ट्या आवरत राहिले. त्याने दहा पूर्ण केले.

वडिलांनी खिशातले पैसे दोनदा मोजले आणि विचारलं, "कॉलेजपर्यंत रिक्षा किती घेईल, मॅडम?"