ताईंच्या वहीतले गृहीतक

जळगावात बसून संकेतस्थळांचा रूपांतरण दर, म्हणजे भेट देणाऱ्या शंभरांपैकी किती जण प्रत्यक्ष खरेदी करतात ते प्रमाण, वाढवण्याचे काम करताना मला आकड्यांपेक्षा माणसांनी अधिक शिकवले. केळीचे वेफर्स विकणाऱ्या एका व्यावसायिकाच्या पानावर मी डिझायनरला न विचारताच ए/बी चाचणी, म्हणजे काहींना पानाचे जुने तर काहींना नवे रूप दाखवून कोणते जास्त विकते ते पाहण्याची चाचणी, लावली. तिसऱ्या दिवशी नवे रूप पुढे दिसताच मालकांनी ती थांबवायला सांगितली, कारण ठरलेली नमुनासंख्या, म्हणजे चाचणीत मोजायच्या भेट देणाऱ्यांची संख्या, पूर्ण होण्याआधीची आघाडी निव्वळ योगायोगाची असू शकते, हे मी त्यांना आधी समजावलेच नव्हते. चूक माझी होती.

आता मी आधी फोनवर ऑर्डर घेणाऱ्या ताईंजवळ तासभर बसतो. "ताई, माल घरी आल्यावर पैसे दिले तर चालतील ना?" हा प्रश्न त्यांच्या वहीत पानोपानी होता, पुढच्या चाचणीचे गृहीतक, म्हणजे तपासून पाहायचा अंदाज, त्यातूनच निघाले आणि बैठकीत ते ताईंनीच मांडले.